आधी खुंट मोजा, खड्डे नंतर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. रामटेक तालुक्यात देवलापारच्या बाजूला तुमचं गाव. ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला, क्षेत्र दीडशे हेक्टरच्या आसपास, पण त्यात जंगल म्हणावं असं थोडंच. बाकी खुंट, घाणेरी आणि उघडा मुरूम. नागपुरातली एक कंपनी जुलैमध्ये एका दिवसात दहा हजार रोपं लावून द्यायला तयार आहे. म्हातारी मंडळी म्हणतात, आधी तारेचं कुंपण घाला. बकऱ्यावाले म्हणतात, मग आम्ही जायचं कुठे? आणि समितीत नव्यानेच आलेल्या तुम्ही विचारता, सुरुवात कुठून करायची?

यंदा एकही रोप लावू नका. कंपनीला नाही म्हणायचं नाही, तिच्याकडून काय मागायचं ते पुढे सांगतो. पण खड्डे खणायचे नाहीत.

कारण तुमच्या त्या 'उजाड' जमिनीखाली जंगल अजून जिवंत असण्याची शक्यता फार मोठी आहे. आपल्याकडचं जंगल पानगळीचं, कोरडं. साग, ऐन, धावडा, लेंडिया, तेंदू, पळस ही झाडं वरून तोडली, जळली, चरली, तरी मुळं मरत नाहीत. दर पावसाळ्यात खुंटाला फुटवे येतात, दर हिवाळ्यात बकऱ्या ते खातात आणि दर उन्हाळ्यात वणवा उरलेसुरले संपवतो. वरून पाहणाऱ्याला माळ दिसतो. पण ज्या ऐनाच्या मुळांना तीस-चाळीस वर्षं झाली आहेत, त्याचा फुटवा निव्वळ राखला तर एका पावसाळ्यात कमरेपर्यंत येतो. नर्सरीतून पिशवीत आणलेलं रोप त्याच काळात जगायचीच धडपड करत असतं, आणि मार्चच्या उन्हात बहुतेक वेळा ती धडपडही संपते.

म्हणून पहिलं काम मोजणीचं. दोरी घ्या, दहा मीटर बाय दहा मीटरचा चौकोन टाका, आणि त्यातले जिवंत खुंट, बोटभर उंचीची आपोआप उगवलेली रोपं, झाडं, सगळं नावानिशी लिहा. असे पंचवीस-तीस चौकोन टेकडीवर, उतारावर, नाल्याकाठी, गावाजवळ, गावापासून लांब असे विखरून घ्या. फक्त चांगल्या जागी घेतले तर स्वतःचीच फसवणूक होते. मी वापरतो तो ढोबळ आडाखा असा: चौकोनात सरासरी पाच किंवा जास्त जिवंत खुंट सापडले, म्हणजे हेक्टरी पाचशेच्या वर, तर तिथे रोपण हा पैशाचा चुराडा आहे. दोनाच्या खाली आले तरच लागवडीचा विचार. मोजणी मे अखेर किंवा पहिल्या पावसानंतर लगेच करा. गवत वाढलं की खुंट दिसत नाहीत. आणि मोजायला शाळेतल्या पोरांबरोबर गावातल्या दोन म्हाताऱ्या बाया आणि गायकी (गुराखी) न्या. पान नसलेलं खोड ओळखणारी माणसं तीच.

आता खरा विषय. खुंटाला वर येऊ कोण देत नाही? आग, चराई आणि कुऱ्हाड. यातली पहिली सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो.

वनखातं १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतं. या काळात आपल्या भागात आग आपोआप जवळपास लागतच नाही, ती लावली जाते किंवा निसटते. मोहफूल वेचणारा झाडाखालचा पाला जाळतो, कारण स्वच्छ जमिनीवर फूल पटकन दिसतं. तेंदूपत्त्याचा ठेकेदार कोवळं पान जास्त मिळावं म्हणून झुडपं छाटायला आणि जाळायला लावतो. ढोरंवाल्याला नवं गवत हवं असतं. कास्तकार धुरा जाळतो आणि वारा फिरतो. यातलं कोणीही जंगलाचं वैरी नाही. प्रत्येकाचं कारण पोटाचं आहे. म्हणून 'आग लावू नका'च्या पाट्यांनी काहीही होत नाही. प्रत्येक कारणाला वेगळा उपाय लागतो.

मोहाचं सोपं आहे. फूल पडायच्या आधी झाडाखालचा घेर खराट्याने झाडून पाला बाहेर ओढायचा, किंवा खाली जुनी नेट, साड्या अंथरायच्या. अंथरलेलं फूल मातीत मळत नाही, त्यामुळे भावही बरा मिळतो. पण कोणतं झाड कोणाच्या घराने वेचायचं हे ठरलेलं असेल तरच माणूस झाडून घ्यायचे कष्ट करतो. जिथे 'जो आधी जाईल त्याचं' असतं, तिथे काडीच चालते. तुमच्या गावात ही वाटणी आधीपासून असेल तर ती कागदावर घ्या. नसेल तर होळीच्या आधी ग्रामसभेत झाडं वाटा.

तेंदूचं अवघड आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला, तेव्हा त्या ग्रामसभेने तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं. त्यासाठी जंगल छाटलं आणि जाळलं जातं, हेच त्याचं कारण. मला तो निर्णय फार आवडतो, पण तुम्हाला तोच करा असं सांगणार नाही. पाचगावकडे बांबू होता, तुमच्याकडे तो आत्ता नाही. मे महिन्यात बाईच्या हातात रोख पैसा येतो तो तेंदूचा. तो बंद केलात तर पहिल्याच वर्षी अर्धं गाव समितीच्या विरोधात जाईल. त्यापेक्षा पान ग्रामसभेने स्वतः विका आणि व्यापाऱ्याशी लेखी करारात अट घाला, की आग लागली तर त्या भागातली तोडणी तिथेच थांबेल. ही अट कागदावर राहू नये म्हणून फडावर, म्हणजे पान मोजून घ्यायच्या जागी, बसणारा माणूस ग्रामसभेचा हवा.

जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळा ठेवलेला पट्टा, फेब्रुवारीतच साफ करा. मार्चमध्ये काढायला घेतली तर ती काढतानाच आग निसटते. भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून टिपलेल्या आगीची सूचना मोबाईलवर पाठवते, नोंदणी कोणालाही करता येते, जरूर करा. मात्र तिच्यावर विसंबू नका. उपग्रह दिवसातून ठरावीक वेळीच वरून जातो आणि त्याचा एक ठिपका साधारण ३७५ मीटर लांब-रुंद असतो. त्या ठिपक्याचा निरोप येईपर्यंत तुमची टेकडी काळी झालेली असते. धूर पहिल्यांदा दिसतो तो मोह वेचणारीला. तिच्याकडे कोणाचा नंबर आहे आणि तो माणूस फोन उचलतो का, यावर पुढचं सगळं ठरतं.

चराईबद्दल. तारेचं कुंपण डोक्यातून काढून टाका. दीडशे हेक्टरला तार घालायचा खर्च एकीकडे, आणि सहा महिन्यांत ती तार कोणाच्या वावरावर दिसेल हे मला विचारू नका. दुसरं, बकऱ्या बहुतेक गावांत ज्यांच्याकडे जमीन नाही त्यांच्याच असतात. कुंपण घालून तुम्ही गावातल्या सगळ्यात गरीब घराला जंगलाबाहेर काढता, आणि मग तेच घर रात्री तार तोडतं. त्यापेक्षा जंगलाचे चार-पाच तुकडे करा, एका वेळी एकच बंद ठेवा. ऐनाचा फुटवा बकरीच्या तोंडाच्या वर गेला, साधारण तीन पावसाळ्यांत जातो, की तो तुकडा उघडा आणि दुसरा बंद करा. कोणता आधी बंद करायचा हे समितीने नाही, गायकी आणि बकऱ्यावाल्यांनी सांगायचं. बंद तुकड्यातलं गवत बी गळून गेल्यावर, म्हणजे नोव्हेंबरपासून, कापून न्यायची मुभा त्यांना आधी द्या. विळा चालेल, तोंड नाही. हा नियम लोकांना पटतो, कारण राखलेल्या तुकड्यात पहिल्याच वर्षी गवत दुप्पट दिसतं.

सरपणाचं लवकर आटोपतो: वाळलेलं घ्या, ओलं नाही, आणि कुऱ्हाड घरी ठेवून जा. एकच भर घालतो. उभं वाळलेलं, पोकळ झालेलं झाड सरपण समजू नका. पोपट, घुबडं, पिंगळे, धनेश यांची घरं त्या ढोलीत असतात. ढोली असलेल्या प्रत्येक झाडावर चुन्याचा पट्टा मारा आणि त्याला हात लावायला बंदी करा.

घाणेरीवर मात्र हातपाय झाडून तुटून पडू नका. नुसती कापली तर ती दुप्पट जोमाने येते, हे तुम्ही पाहिलंच असेल. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी रुळवलेली पद्धत अशी: जमिनीखाली तीन-चार बोटांवर, जिथे खोड संपून मूळ सुरू होतं, त्याच्या खाली कुदळीने मूळ तोडायचं आणि अख्खं झुडूप उलटं करून ठेवायचं. माती पुन्हा लागली नाही तर ते मरतं. काम पावसाळ्यात करा, माती मऊ असते. शिवाय मोकळ्या झालेल्या जागेत त्याच आठवड्यात गावचंच गवताचं बी टाका, मारवेल, पवन्या, जे मिळेल ते. नाहीतर ती जागा रानतुळस बळकावते आणि तुम्ही एक रोग काढून दुसरा आणलेला असतो. पुढची दोन वर्षं जुलैत बारीक रोपं उपटावी लागतात. त्याचा पैसा आजच बाजूला ठेवला नाही तर काढणीला हातही लावू नका.

कुठून काढायची? वावराच्या धुऱ्यापासून. रानडुकरं दिवसभर त्याच जाळीत बसतात. ती हटली की कास्तकाराला फायदा लगेच दिसतो आणि समितीला पहिला खराखुरा पाठिंबा मिळतो. काढलेली लाकडं चुलीला चालतात. आतली सगळी जाळी एकदम साफ करू नका. जूनच्या सुमारास नवरंग पक्षी आपल्या जंगलात येतो, झुडपांच्या दाट आडोशाला घरटं करतो. दुसरी झुडपं उभी राहीपर्यंत त्याला तेवढा आडोसा राहू द्या.

कोणी जेसीबी घेऊन सलग समतल चर खोदून देतो म्हणालं, तर हात जोडा. उघड्या मुरमाच्या उतारावर माणसांनी खणलेले छोटे चर ठीक आहेत, नाल्याच्या उगमाकडून सुरू केलेले दगडी बांध तर हवेतच, आणि ती कामं रोजगार हमीतून होतात. पण जिथे खुंट आहेत तिथे चर म्हणजे चाळीस वर्षांच्या मुळांवर चालवलेली करवत.

आणि ते मोकळे गवताळ पट्टे, ज्यांना सगळे 'खाली जागा' म्हणतात, तिथे झाड लावायचं नाही. तितर, लावे, ससे, टिटव्या तिथल्याच. तुमच्या गावाच्या सातबारात काही जमीन झुडपी जंगल म्हणून लागली असेल, विदर्भात ती जवळपास सगळीकडे असते, तर २२ मे २०२५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल समितीने वाचून घ्यावा. झुडपी जंगल हे कायद्याने वनच, असं त्यात म्हटलं आहे. त्या जमिनीवर डोळा असणाऱ्यांशी बोलताना तो कामी येतो.

आता रोपं. पुढच्या वर्षी, मोजणीत जिथे खुंट सापडले नाहीत तिथेच. काय लावायचं हे कंपनीच्या यादीवरून नाही, तर तुमच्याच जंगलात काय कमी झालंय त्यावरून ठरवा. माझा अंदाज आहे, तुम्हाला मोठे मोह दिसतील पण मोहाचं पोर दिसणार नाही. खाली दरवर्षी आग आणि पडलेली सगळी टोरी, म्हणजे मोहाचं बी, तेलासाठी वेचलेली, मग नवा मोह येणार कुठून? तेच चारोळीचं, बिजाचं. मोहाचं बी ताजंच रुजतं, वाळवून ठेवलं की उगवण पार घसरते. म्हणून ते नर्सरीत नेण्यापेक्षा फळ पिकलं की लगेच, जून-जुलैमध्ये थेट जमिनीत टोचा, आणि तेही उघड्यावर नाही, बोरी-करवंदीच्या काटेरी जाळीत. बकरीचं तोंड तिथे जात नाही, काट्याचं कुंपण फुकट मिळतं. नाल्याकाठी अर्जुन आणि उंबर लावा. हरियालांचा थवा हवा असेल तर उंबर, वड, पिंपळाला पर्याय नाही. गुलमोहर, सुबाभूळ, निलगिरी, ग्लिरिसिडिया कोणी फुकट दिलं तरी घेऊ नका. सागही नको, तो आपोआप भरपूर येतो.

कंपनीला सांगा: दहा हजार रोपांचे आणि मांडवाचे जे पैसे तुम्ही खर्चणार होतात, त्यात तीन वर्षं फेब्रुवारी ते जून चार आगरक्षकांची मजुरी आणि घाणेरीची दोन वर्षांची निंदणी द्या. फोटो म्हणाल तर आजच एका खुंटाचा काढा, आणि तीन वर्षांनी त्याच खुंटाचा. काही कंपन्या या बोलण्यावर फोन ठेवतात. ठेवू द्या.

जैवविविधतेचं तुम्ही शेवटी एका ओळीत विचारलंय, पण ते वेगळं काम नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. नोंदवही बहुतेक असतेच, आणि बहुतेक ठिकाणी ती कोणा सल्लागाराने शेजारच्या गावाची नावं बदलून केलेली असते. ती मागवून वाचा. तुमच्या बोडीतले मासे, पावसाळ्यातल्या सात्या आणि टेकोडे (खायच्या रानअळंब्या) कुठे उगवतात, काटवल, तरोटा, कुड्याची फुलं कोण कधी आणतं, हे त्यात नसेल तर नव्याने लिहा. राज्य जैवविविधता मंडळाचं कार्यालय नागपुरातच आहे, दुरुस्ती घेऊन जाणं तुम्हाला अवघड नाही.

या नोंदवहीतून एकच नियम निघाला तरी मला पुरे वाटेल: तोडणीची तारीख. चारोळीचं फळ एप्रिलमध्ये हिरवंच ओरबाडलं जातं, कारण मी थांबलो तर दुसरा नेईल. आवळ्याच्या तर फांद्याच खाली येतात. कच्च्या चारोळीला भाव कमी आणि तिचं बी रुजत नाही, म्हणजे आजचंही नुकसान आणि उद्याचंही. ग्रामसभेने ठराव करायचा की अमुक तारखेआधी कोणी तोडणार नाही, फांदी कोणी कापणार नाही, आणि काही चांगली झाडं बियांसाठी कायमची सोडायची. शेजारच्या गावालाही या ठरावात घ्या, नाहीतर तुम्ही थांबाल आणि ते तोडतील.

कायद्याचं दोन शब्दांत. नागपूर जिल्ह्यात पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, लागू नाही, त्यामुळे काही अधिकारी 'तुमच्या ग्रामसभेला अधिकार नाही' असं बिनदिक्कत सांगतात. तुमचा अधिकार पेसातून नाही, २००६ च्या वनहक्क कायद्यातून आला आहे. कलम ३(१)(झ) मध्ये वनसंसाधनाचं संरक्षण, पुनर्निर्माण, संवर्धन आणि व्यवस्थापन असे चारही शब्द आहेत, आणि कलम ५ मध्ये वन्यजीव आणि जैवविविधता राखायची जबाबदारीही ग्रामसभेवर आहे. या दोन कलमांची छापील प्रत समितीच्या दप्तरात ठेवा. नाकेदाराशी (वनरक्षकाशी) भांडायला नव्हे. चांगला वनरक्षक वणव्याच्या रात्री सोन्यासारखा असतो, त्याला प्रत्येक बैठकीचं बोलावणं द्या.

समितीला काही दाखवायचं असेल तर अमरावती जिल्ह्यात मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीरला घेऊन जा. तिथल्या कोरकू गावाने २०१२ मध्ये मिळालेलं सुमारे १९३ हेक्टर जवळपास उजाड जंगल राखून उभं केलं, सीताफळाचा धंदा बसवला, आणि २०१४ मध्ये त्यांना भारत जैवविविधता पुरस्कार मिळाला. लोक गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) सुचवतील. ते गाव थोरच, २००९ चा हक्क, २०११ मध्ये स्वतःच्या बांबूचा स्वतःचा वाहतूक परवाना. पण त्यांच्याकडे अठराशे हेक्टर भरलेलं जंगल होतं. तुमची जमीन पायविहीरसारखी आहे, शिकायचं तिथेच.

वाघाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पेंचचा व्याघ्रप्रकल्प उशाला आहे. जंगल भरलं की चितळ, रोही, रानडुक्कर येणार, आणि त्यांच्या मागे तोही. हे लोकांना आत्ताच सांगा, नंतर कळलं तर समितीने फसवलं म्हणतील. मोह आणि तेंदूच्या दिवसांत विदर्भात माणसं मरतात ती बहुतेक पहाटेच्या अंधारात, एकटी, खाली वाकलेली असताना. झाडांची वाटणी केलीत तर अंधारात धावत जायची गरजच राहत नाही. उजाडल्यावर, चौघी-पाचजणींनी मिळून, बोलत जा. हा नियम पहिल्याच वर्षापासून लावा, वाघ आला नसला तरी.

आणि एक ठराव याच ग्रामसभेत, पहिला माल निघायच्या आधी करून घ्या: पैसा कसा वाटायचा. जंगलातून काही निघत नाही तोवर सगळे एक असतात. चौथ्या-पाचव्या वर्षी फुटव्यांची विरळणी करताना पहिल्या बल्ल्या निघतात, गवताचा लिलाव होतो, आणि रखवालीला कोण आलं, कोण नाही आलं याचा हिशेब सुरू होतो. रखवालीची हजेरी पहिल्या पाळीपासूनच वहीत लिहा, बायांच्या नावाने वेगळी, 'कुटुंबप्रमुख' म्हणून नवऱ्याच्या नावावर नव्हे. किती वाटा मजुरीला, किती पुढच्या वर्षीच्या आगीच्या बंदोबस्ताला, किती ग्रामसभेच्या खात्यात, हे आकडे खिशात काही नसताना ठरवायला एक संध्याकाळ पुरते.